गल्ली गाळून बेळगाव वाचू नका

बेळगाव-निपाणीचा मराठी सीमाभाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा म्हणून चाललेला सीमालढा आता फोनमध्येच उरला आहे, हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडून ऐकू आले की ते जणू सिद्धच झाले आहे अशा थाटात वापरले जाते. पुण्या-मुंबईतले जाणकार ते म्हणतात आणि बेळगावातले जुने कार्यकर्तेही कंटाळून म्हणतात. पोरे १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला येत नाहीत, स्टेटस ठेवतात. वाचनालयाची पायरी चढत नाहीत, आलेले निरोप पुढे ढकलतात. रात्री पडद्यावर आग पाखडतात आणि मतदानाच्या दिवशी मुकाट्याने राष्ट्रीय पक्षाचे बटण दाबून येतात. अशी ही तक्रार.

बरोबर उलटे बोलणाराही एक वर्ग आहे. त्याच्या मते फोन आल्यापासून सीमा उरलीच नाही. निपाणीचा मुलगा कोल्हापूरच्या मुलाइतकाच मराठी ऐकतो, बघतो, लिहितो. मग मराठी शाळा, गावोगावची संमेलने, जुनी वाचनालये यांचा एवढा आटापिटा कशासाठी?

दोन्ही मते परस्परविरोधी दिसतात, पण दोघांचे गृहीत एकच आहे. गल्लीतले जग वेगळे, फोनमधले वेगळे, आणि दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली. एक त्याबद्दल सुतक पाळतो, दुसरा पेढे वाटतो. माझा विरोध या गृहीतालाच आहे. सीमाभागात फोनवरचे संबंध गल्लीतल्या संबंधांवरच उभे आहेत. मात्र गल्लीतून फोनमध्ये जाताना काही नाती गळून पडतात, आणि नेमकी तीच नाती या भागाला एकत्र धरून ठेवणारी आहेत. ही गळती हिशेबात न धरता जो पडद्यावरून बेळगाव वाचतो, तो अस्तित्वात नसलेले शहर वाचतो.

आधी सुतक पाळणाऱ्यांकडे वळू. जुना लढा समोरासमोरच्या माणसांचा होता, मध्ये कुठले माध्यम नव्हते, अशी त्यांची समजूत आहे. ती खरी नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी जाहीर केला तो आकाशवाणीवरून. दुसऱ्याच दिवशी बेळगाव आणि निपाणी रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, बेळगावात मारुती बेन्नाळकर पडले आणि निपाणीत कमळाबाई मोहिते. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन त्यातूनच आला. म्हणजे बातमी आली ती दिल्लीहून, लहरींवरून, एकतर्फी. रेडिओ तेव्हा घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या ओसरीवरून ती बातमी तालमीत, पंचमंडळींत, हॉटेलात गेली आणि त्यानंतर माणसे बाहेर पडली. माध्यमाने बातमी आणली, गल्लीने तिला पाय दिले. १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी सुरू केलेला ‘तरुण भारत’ तरी दुसरे काय करत आला? सकाळी अंक यायचा आणि तो कट्ट्यावर मोठ्याने वाचला जायचा. लढा कधीही माध्यमावाचून झाला नाही आणि कधीही निव्वळ माध्यमावर झाला नाही.

निपाणीचेच आणखी एक उदाहरण घ्या. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरला. रस्त्यावरच आंदोलननगर वसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मेले. इतकी माणसे इतके दिवस रस्त्यावर कशी टिकली, याचे उत्तर भाषणात शोधणारे चुकतात. वखारी, व्यापाऱ्यांकडची उधारी, शेताचे बांध, लेकी दिल्या-आणलेली गावे आणि विडी वळणाऱ्या बायकांचे घोळके यांचे जाळे आधीपासून विणलेले होते. भाकरी त्याच जाळ्यातून आली. आणि तंबाखूच्या भावाचा प्रश्न मराठी शेतकऱ्याला जितका जाळत होता, तितकाच कन्नड शेतकऱ्यालाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘पण आता तसे राहिले नाही, फोनने माणसे तुटली,’ असे यावर उत्तर येते. हा दावा जगभर तपासला गेला आहे आणि त्याची कथा बोधप्रद आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथे रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी नव्याने इंटरनेट घेतलेल्या घरांतल्या १६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेट जास्त वापरणारी माणसे घरच्यांशी कमी बोलतात, खिन्न होतात, असा निष्कर्ष निघाला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. त्याच गटाने पुढे त्याच लोकांना पुन्हा तपासले आणि २००२ मध्ये सांगितले की ते दुष्परिणाम बहुतांशी विरून गेले आहेत. दुसऱ्या बातमीचा गाजावाजा झाला नाही. त्याच सुमारास टोरोंटोजवळच्या एका नव्या वसाहतीत किथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांनी शेजार मोजला. वेगवान जोडणी मिळालेली घरे सरासरी २५ शेजाऱ्यांना नावाने ओळखत होती, न मिळालेली आठांच्या आसपास. बिल्डरशी भांडण निघाले तेव्हा जोडणीवालेच आधी एकत्र आले. शेजार संपला नव्हता, उलट वाढला होता.

फेरीला माणसे का येतात, याचाही पुरावा उपलब्ध आहे. २०१० च्या निवडणुकीच्या दिवशी अमेरिकेत फेसबुकने सहा कोटींहून अधिक लोकांवर एक प्रयोग केला. ‘मतदान करा’ एवढाच निरोप ज्यांना दिसला, त्यांच्यावर परिणाम जवळजवळ झाला नाही. ज्यांना मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दिसले, त्यांचे मतदान वाढले. त्यातही परिणाम पुढे पसरला तो जिव्हाळ्याच्या, बहुधा प्रत्यक्ष भेटीतल्या मित्रांमधून. दूरच्या ओळखींनी काहीच हलले नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘उद्या सायकल फेरी’ हा निरोप पाचशे जणांना गेला तरी बाहेर पडतो तो ज्याच्या दारात शेजारचा सायकल घेऊन उभा राहतो तोच. फोनला दोष देणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांनी म्हणून आधी आपल्याच संघटनेची दारे मोजावीत. निरोप सगळीकडे पोचतो आहे. दारात उभे राहणारे कमी झाले आहेत.

आणि ते कमी का झाले, यात सरकारचा हात आहेच. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरते तेव्हा महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा घेते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला परवानगी नाकारली गेली, जमावबंदी लागली, कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले गेले आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडवले गेले. पुढच्या वर्षांतही तोच पाढा. मैदान बंद, चौक बंद, फेरीवर गुन्हे. मग माणसे उरलेल्या जागेत, म्हणजे फोनवर बोलतात. आधी मैदानाला कुलूप लावायचे आणि नंतर ‘हे लोक मैदानात येत नाहीत’ म्हणून हिणवायचे, हा न्याय कुठला?

आता पेढे वाटणाऱ्यांकडे वळू. सीमा उरली नाही म्हणणाऱ्याने एकदा पुणे-बंगळूर महामार्गावर कोगनोळीला उभे राहावे. २०२१ मध्ये करोना चाचणीचा कागद नसलेल्या माणसाला इथून परत पाठवले गेले. त्याचा मेव्हणा पलीकडे दहा मैलांवर होता आणि फोनवर दिसतही होता. फोनने चेहरा दाखवला, पण माणसाला पलीकडे पोचवता आले नाही.

उलट, जिथे सीमा खरोखर ओलांडली जाते तिथे फोनच्या कितीतरी आधीपासून पायवाट पडलेली आहे. निपाणीचे देवचंद महाविद्यालय निपाणीकरांचे, पण ते उभे आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली. निपाणीची पोरे रोज राज्य ओलांडून वर्गात बसतात आणि जेवायला परत येतात. चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, पण तिथला आजारी माणूस, तिथली भाजी आणि तिथला लग्नाचा बस्ता बेळगावला येतो. कोल्हापूरचा भाविक दरवर्षी सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जातो. बेळगावच्या चव्हाट गल्लीची माणसे जोतिबाला जातात. या वाटांवरच्या ओळखी फोनमध्ये गेल्या आहेत आणि म्हणून त्या बळकट आहेत. पायवाट नसती तर नुसत्या नंबराने काय होणार होते?

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. फोनमध्ये काय गेले आणि काय गळले?

आपल्या फोनमधले समूह बघा. तरुण मंडळाचा समूह, भावकीचा समूह, शाळेच्या तुकडीचा समूह, भिशीचा समूह, दिंडीचा समूह, क्रिकेटच्या संघाचा समूह. सगळे सभासदत्वाचे संबंध. सीमाभागात असे सभासदत्व बहुतेक वेळा भाषेने वाटलेले असते, कारण शाळा भाषेने वाटलेल्या आहेत, मंडळे गल्लीने वाटलेली आहेत आणि भावकी तर जन्माने. हे सगळे इमानेइतबारे फोनमध्ये उतरते.

पण बेळगावातल्या माणसाचा दिवस एवढ्याच माणसांत जात नाही. रविवार पेठेतला घाऊक व्यापारी, शेताच्या बांधापलीकडचा लिंगायत शेतकरी, दवाखान्यातली कन्नड परिचारिका, बसचा वाहक, शहापूरचा विणकर, सोसायटीचा सचिव यांच्याशी तो रोज दोन भाषांची खिचडी करून व्यवहार करतो. पुलंचे रावसाहेब ज्या कानडी हेलाच्या मराठीत बोलतात ती भाषा याच व्यवहारात घडली. या माणसांचा कुठलाही समूह नसतो. कोणी कोणाला ‘ॲड’ करत नाही. या संबंधांना नाव नाही, चिन्ह नाही, वर्धापनदिन नाही. म्हणून ते फोनमध्ये उतरत नाहीत.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले की दोन घट्ट वर्तुळांना जोडणारा दुवा बहुतेक वेळा कच्चा असतो, नुसत्या तोंडओळखीचा. जिवलग मित्र एकाच वर्तुळातले असतात, दुसऱ्या वर्तुळातली बातमी तोंडओळखीचा माणूस आणतो. इरावती कर्वे यांनीही अखेरच्या काळात हेमलता आचार्य यांच्यासह आठवडी बाजारांचा अभ्यास केला. देवघेवीच्या निमित्ताने कोण कोणाला भेटते हे बाजारात बसूनच कळते. आपल्याकडे, निपाणीच्या तंबाखू आंदोलनात दिसले तसे, दोन भाषिक वर्तुळांमधले शेकडो कच्चे दुवे बाजारात, बसमध्ये, बांधावर आहेत. फोनमधले बेळगाव त्यांच्याविना उरते. तिथे दोन शहरे दिसतात, एक मराठी आणि एक कन्नड, एकमेकांकडे पाठ करून बसलेली. बाहेरचा अभ्यासक, पत्रकार आणि पुढारी ही दोन शहरे बघतो आणि त्यांनाच बेळगाव समजतो.

याची किंमत काय पडते ते डिसेंबर २०२१ ने दाखवले. बेळगावात महामेळाव्याच्या ठिकाणी समितीच्या नेत्याच्या तोंडाला काळे फासले गेले. त्याचे पडसाद कोल्हापुरात उमटले आणि कर्नाटकाचा लाल-पिवळा ध्वज जाळला गेला. मग बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली आणि त्याची चित्रफीत रातोरात फिरली. त्या रात्री बेळगावात वाहनांवर दगड पडले आणि अनगोळमध्ये संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. चार घटना, तीन शहरे, एक आठवडा. प्रत्येक घटना पुढच्या गावात पोचली ती चित्रफीत म्हणून, तोंडओळखीच्या माणसाचा एकही शब्द सोबत न घेता. अटक मात्र चित्रफीत बनवणाऱ्यांपेक्षा बेळगावच्या गल्लीतल्या पोरांना जास्त झाली आणि त्यांच्या आया पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बसल्या.

पुढच्याच वर्षी जत तालुक्यातल्या गावांवरच्या दाव्यावरून दोन राज्यांचे नेते भांडले. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहा, एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई बसले. त्या बैठकीनंतर गृहमंत्र्यांनी सांगितले की मोठ्या नेत्यांच्या नावे उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वातावरण पेटवले, आणि गुन्हे नोंदवले जातील. बघा, पडद्यावरून सीमाभाग वाचण्याची सवय केवढ्या उंचीपर्यंत पोचली होती! खात्यामागे माणूस आहे की नाही हेही न तपासता दोन राज्ये एकमेकांना उत्तरे देत होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुळेभावी-बाळेकुंद्री मार्गावरच्या बसमध्ये मराठी येत नाही म्हटल्यावरून वाहकाला मारहाण झाली. ती चूक होती, निर्भेळ चूक, आणि मराठी माणसाने ते आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे. पण पुढे काय झाले? शेकडो किलोमीटर दूर चित्रदुर्गात महाराष्ट्राची बस अडवून चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. त्या बंदचा भुर्दंड चित्रफिती फिरवणाऱ्यांना पडला नाही. तो पडला निपाणीहून कागलला कामाला जाणाऱ्याला आणि चंदगडहून बेळगावच्या दवाखान्यात येणाऱ्याला. ज्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, कन्नड घरात जन्मून मराठी गाणीही ज्यांनी गायली, ते गाव देशभर पोचले ते मारहाणीच्या बातमीतले नाव म्हणून.

इथे मला कोणी अडवेल: म्हणजे फोनच दोषी ठरला की! तर नाही. फोनने नवा द्वेष जन्माला घातला नाही. त्याने सभासदत्वाची नाती जशीच्या तशी उचलली आणि बिननावाची नाती मागे ठेवली. पहिल्यांतून राग पोचला, आणि दुसऱ्यांतून जो खुलासा पोचला असता तो पोचलाच नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यावर उपाय अवलंबून आहे. फोन दोषी म्हटले की उपाय एकच सुचतो, इंटरनेट बंद करा, समूहचालकाला उचला. गळती दोषी म्हटले की उपाय सुचतो तो गळलेले परत जोडण्याचा.

निवडणुकांच्या वाचनातही हीच गफलत आहे. एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला १,१७,१७४ मते पडली आणि पडद्यावर नवे पर्व सुरू झाल्याचा जल्लोष झाला. सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. मे २०२३ च्या विधानसभेत, २०१८ प्रमाणेच, समितीला एकही जागा मिळाली नाही. मग ‘लढा संपला’ म्हणणारे पुढे सरसावले. दोघेही घाईत होते. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत माणसाने अस्मितेचे मत दिले. महापालिकेत त्याने गटाराचे, नळाचे आणि बचत गटाच्या कर्जाचे मत दिले. त्याच्याकडे दोन्ही जाळी आहेत आणि कोणत्या प्रसंगी कोणते ओढायचे ते त्याला कळते. एकाच जाळ्याकडे बघून भविष्य सांगणारा दोन्ही वेळा तोंडावर पडला.

म्हणून अभ्यास करणाऱ्यांना माझे सांगणे आहे. पोस्ट आणि टिप्पण्या गोळा करून ‘सीमाभागाचा कल’ काढणे थांबवा. शहापुरातली एक गल्ली घ्या, निपाणीतला एक प्रभाग घ्या, खानापूर तालुक्यातले एक गाव घ्या. घरोघरी विचारा. मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणाला हाक माराल? हातउसने कोणाकडून घेता? लग्नाची पत्रिका कोणाकडे स्वतः घेऊन जाता आणि कोणाला फोनवर पाठवता? दुसऱ्या भाषेच्या किती माणसांचा नंबर तुमच्याकडे आहे आणि शेवटचा फोन कधी केला होता? मग समूह विचारा आणि एक नकाशा दुसऱ्यावर ठेवा. कुठे रेषा जुळतात, कुठे तुटतात, ते दिसेल. बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे विद्यापीठे आहेत. मराठी आणि कन्नड विद्यार्थ्यांच्या जोड्या करून हे काम करता येण्यासारखे आहे. विद्यार्थी जोडीने दारात उभे राहिले तर अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

आणि समितीला, मंडळांना, वाचनालयांना सांगणे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा, माचीगड इथे गावकरी वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलने भरवतात. शहरी साहित्यिकांना हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे. फोनने संमेलन होत नाही, संमेलनामुळे फोनला सांगण्यासारखे काही मिळते. ती संमेलने चालू राहू द्या. पण त्यांच्या मांडवात गावच्या कन्नड शिक्षकाला, बांधापलीकडच्या शेतकऱ्याला, बसच्या वाहकाला पाहुणा म्हणून बोलवा. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडलेला सीमेचा दावा त्याने कमजोर होत नाही. आपली मागणी कर्नाटक सरकारकडे आणि केंद्राकडे आहे, शेजाऱ्याकडे नाही, आणि हे शेजाऱ्याला समोर बसवून सांगितले नाही तर पुढची चित्रफीत त्याला ते उलटे सांगेल.

मराठी म्हणून आपला हक्क मागताना कानडी शेजाऱ्याचा नंबर फोनमध्ये असणे ही तडजोड नव्हे. पुढच्या वेळी दगड पडण्याआधी त्याला एक फोन करता यावा, एवढी ओळख प्रत्येकाने आजच करून ठेवावी.